फोर्ड फाल्कन : घरची गाडी की भाड्याची?

यारेकाठी
शनिवार, रात्री ११:४०

मंडळी,

आमची फाल्कन या महिनाअखेर घरातून जातेय. २००४ ची 'बीए' सेदान (फाल्कनच्या मॉडेलांना अशी दोन अक्षरांची नावं), पांढरी, गॅसवर चालणारी. २०११ मध्ये मेलबर्नला आलो, खिशात मोजकेच डॉलर होते, तेव्हा घेतलेली ही पहिली गाडी. विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "एकाच कुटुंबाने वापरलीय, बाई मुलांना शाळेत सोडायची, बास." तेरा वर्षांत हिने मला एकदाही रस्त्यात उभं केलं नाही. लेकीला हॉस्पिटलातून घरी आणली ती हिच्यातूनच. जाता जाता चार ओळी लिहाव्यात म्हटलं, तर चाराच्या चाळीस झाल्या.

फाल्कन म्हणजे ससाणा. पण ऑस्ट्रेलियात उतरला तेव्हा या ससाण्याचे पायच लेचेपेचे होते. १९५९ मध्ये फोर्डने मेलबर्नच्या उत्तरेला ब्रॉडमेडोज इथे नवा कारखाना उभारला. तिथे खरं तर ब्रिटिश झेफायर बनवायची होती. साहेबमंडळी अमेरिकेला गेली, तिथे नवी कोरी फाल्कन पाहिली आणि बेत फिरला. सप्टेंबर १९६० मध्ये 'एक्सके' फाल्कन आली. सहा सिलिंडर, २.४ लिटर, स्टीअरिंगच्या दांड्यावर तीन गिअर, पुढे अख्खी बाकासारखी सीट. इथल्या जुन्या देशी स्पर्धक होल्डनच्या शेजारी उभी केली की ठेंगणी, ऐसपैस आणि ताजी दिसायची. लोकांनी उड्या मारल्या.

आणि मग लोक शहराबाहेर पडले. तिथले मातीचे रस्ते म्हणजे सिमेंटचा पत्रा आडवा टाकावा तशा लाटाच लाटा. अमेरिकेच्या गुळगुळीत हमरस्त्यांसाठी बनवलेले पुढचे बॉल जॉइंट, म्हणजे चाकं धरणारे सांधे, त्यात टिकेनात. चाक आत दुमडायचं आणि गाडी गुडघा टेकायची. 'फाल्कन नाजूक' हा शिक्का बसला आणि पुढची चार-पाच वर्षं पुसता पुसला जाईना. जाहिरातींनी काय होतंय?

१९६५ मध्ये बिल बर्क नावाच्या अमेरिकन साहेबाने एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. गीलाँगजवळच्या यू यांग्ज डोंगरांपाशी फोर्डचा चाचणीचा ट्रॅक आहे. तिथे 'एक्सपी' मॉडेलच्या पाच गाड्या दिवसरात्र पळवल्या. नऊ दिवस, सगळ्यांचे मिळून ७०,००० मैल, तेही ताशी सरासरी ७० मैलांच्या वर. पत्रकारांसमोर. काही गाड्या उलटल्या, त्या सरळ करून पुन्हा ट्रॅकवर. म्हणजे फजिती झाली असती तर चारचौघांतच झाली असती. पण झाली नाही, आणि तिथून फाल्कनची पत सुरू झाली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे: 'जीटी' ही वेगवान फाल्कन, बाथर्स्टची शर्यत, आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन. माझं मत मात्र असं की ते सगळं पोस्टरवर लावण्यापुरतं. फाल्कनला मोठं केलं ते साध्या घरांनी. मागे तीन पोरं, डिकीत एस्की (बर्फाची पेटी), पाठीला कॅरव्हॅन आणि नाताळात समुद्र. तुम्हाला काय वाटतं?

शंकासुर
रविवार, सकाळी ७:१५

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. २.४ लिटर, पुढे ४ लिटर, एवढं मोठं इंजिन घरच्या गाडीला कशाला? आमच्या पुण्यात एवढ्या इंजिनात ट्रक चालतो.

पालखीवाला_ॲडलेड
रविवार, सकाळी ८:०२

लेख छान. पण घरच्या गाडीचा मान कुणाचा, हे लिहिताना एक नाव चुकून सुटलंय :) १९४८ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान चिफली स्वतः पहिल्या होल्डनपाशी उभे राहिले होते. तुमचा ससाणा बारा वर्षं उशिरा आला, तोही लंगडत.

आणि आकडे बघा. १९९६ ते २०१० अशी सलग पंधरा वर्षं देशात सर्वात खपलेली गाडी होती होल्डन कमोडोर. फाल्कन नव्हे. १९९८ ची 'एयू' फाल्कन आठवतेय का? समोरून बघितली की दात आल्यासारखी वाटायची. लोक शोरूममधून तसेच मागे फिरले आणि समोरच्या होल्डनवाल्याकडे गेले.

यारेकाठी
रविवार, सकाळी ९:३०

@शंकासुर, अंतरं. इथे आजीला भेटायला आठशे किलोमीटर जातात आणि संध्याकाळी परत यायचं म्हणतात. वर मागे कॅरव्हॅन ओढायची. लहान इंजिन धापा टाकतं, मोठं आळसावून चालतं आणि म्हणून टिकतं.

@पालखीवाला, 'एयू'च्या तोंडाबद्दल सहमत. बाकी होल्डनचं १९८६ चं 'व्हीएल' कमोडोर कुणाच्या इंजिनावर चालायचं हो? निस्सानच्या ना?

पालखीवाला_ॲडलेड
रविवार, सकाळी ९:४१

आणि तुमचा फाल्कन ट्रक, ज्याला इथे यूट म्हणतात, तो निस्सानचं नाव लावून कोण विकत होतं? झाकली मूठ राहू द्या.

नाना_गीलाँग
रविवार, दुपारी १:२०

हे दोघंही खरं बोलतायत. ८० च्या दशकात सेनेटर बटन यांनी योजना आणली की देशात गाड्यांचे प्रकार फार झाले, कंपन्यांनी एकमेकांच्या गाड्या वाटून घ्याव्यात. त्यातून हे बिल्लाबदल झाले. गिऱ्हाइकाला कुणी मूर्ख समजू नये, त्याला बिल्ल्याखालचं दिसतं. फार चाललं नाही ते.

मी गेली बावीस वर्षं गीलाँगला गॅरेजात आहे, त्यामुळे प्रेमाने नाही, पान्याने बोलतो.

१९८८ ची 'ईए' ही घाईत काढलेली गाडी. रंग, फिटिंग, सगळ्याच्या तक्रारी. त्या पिढीचं सहा सिलिंडरचं इंजिन मजबूत, पण हेड गॅस्केट जायचं. गाडी गरम झाली हे कळून न कळल्यासारखं करणारा मालक असेल तर हेडही जायचं. १९९८ ची 'एयू', जिला वर सगळे हसतायत, ती आतून उत्तम होती. तोंड बघू नका, खाली झोपून बघा. तिला घरच्या माणसाने नाकारली आणि टॅक्सीवाल्याने उचलली, यातच काय ते समजा.

मग २००२ मध्ये 'बीए' आली. तिच्यात जे इंजिन बसवलं त्याला सगळे 'बारा' म्हणतात. चार लिटर, सहा सिलिंडर सरळ रांगेत, वर दोन कॅमशाफ्ट. पेट्रोलवर १८२ किलोवॉट, कंपनीतूनच गॅसवर आलेल्या गाडीत १५६. गीलाँगलाच ओतलेलं. टर्बोवालं तर आजही पोरं भंगारातून काढून दुसऱ्या गाड्यांत घालतात आणि दुप्पट-तिप्पट ताकद काढतात. खालचा ठोकळा हूं का चूं करत नाही. नावाचं मूळ असं की प्रकल्पाचं गुपित नाव होतं 'बारामुंडी', इथला मासा. त्याचं झालं बारा.

दोष? आहेत. ब्रेकच्या चकत्या वाकतात, मागच्या डिफरन्शिअलचे बुश जातात. आणि सर्वात वाईट म्हणजे गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा कूलर आतून फुटतो, पाणी आणि तेल एकत्र होतं आणि गिअरबॉक्सचं होतं स्ट्रॉबेरी मिल्कशेक. 'बीए'पासून 'एफजी'पर्यंत कुठलीही घ्या, पहिल्या दिवशी तो कूलर बदला.

जिताडेप्रेमी
रविवार, दुपारी १:५५

अवांतर: नाना, बारामुंडी म्हणजे आपला जिताडा! तोच मासा, काडीचाही फरक नाही. गोव्यात चोणक. आमच्या अलिबाग-पेणकडे साहेबाकडून काम करून घ्यायचं तर घरी जिताडा पोचता करायची पद्धत होती. म्हणजे यारेकाठी गेली तेरा वर्षं बॉनेटखाली जिताडा घेऊन फिरतायत. आता गाडी विकायची तर भाव त्या हिशेबाने सांगा.

नाना_गीलाँग
रविवार, दुपारी २:१०

आईशप्पथ, बावीस वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. उद्या गॅरेजात पाटी लावतो.

ताळेबंद
रविवार, सायंकाळी ५:०५

मूळ प्रश्नाकडे येतो. 'साध्या घरांनी मोठं केलं' याला माझा विरोध आहे, आणि कारण कोरडं आहे. कर.

मी सिडनीत हिशेबनीस. इथे १९८६ पासून फ्रिंज बेनिफिट टॅक्स आहे, म्हणजे कंपनीने नोकराला दिलेल्या सोयीवरचा कर. कंपनीच्या गाडीवर तो मोजायची एक पद्धत अशी होती की वर्षात गाडी जितकी जास्त पळेल तितका कर कमी. १५,००० किलोमीटरला एक पायरी, २५,००० ला दुसरी, ४०,००० ला तिसरी. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शहाणीसुरती माणसं केवळ पुढची पायरी गाठायला विनाकारण दोनशे किलोमीटर जाऊन यायची. मी स्वतः अशिलांना फोन करून सांगितलंय, "अजून ८०० राहिलेत, रविवारी कुठेतरी जाऊन या." २०११ मध्ये हे बदललं आणि टप्प्याटप्प्याने सगळ्यांना सरसकट २० टक्के झाले.

आता सांगा, भरपूर पळवायची, कंपनी पैसे देणार, पेट्रोलची फिकीर नाही, तर माणूस कुठली गाडी घेणार? मोठी, देशी, सहा सिलिंडरची. फाल्कन किंवा कमोडोर. सरकारी खात्यांचंही तेच. दोन-तीन वर्षांनी त्या लिलावात निघायच्या आणि मग साधी कुटुंबं त्या घ्यायची. तुमच्या कॅरव्हॅनच्या फोटोतली फाल्कन बहुतेक वेळा कुणातरी विमा एजंटची उतरलेली असायची.

स्वतःच्या पैशाने नवी गाडी घेणाऱ्या घराने ९० च्या दशकापासूनच वाट बदलली होती. आयातकर उतरत गेला: २००० मध्ये १५ टक्के, २००५ मध्ये १०, २०१० मध्ये ५. कोरोला, माझ्दा स्वस्त झाल्या. ज्याला मोठी हवी तो उंच एसयूव्हीकडे गेला. गंमत म्हणजे फोर्डने २००४ मध्ये फाल्कनच्याच सांगाड्यावर टेरिटरी नावाची सुरेख एसयूव्ही काढली आणि आपल्याच गाडीचं गिऱ्हाईक पळवलं. १९९५ मध्ये वर्षाला ८०,००० च्या वर फाल्कन खपायच्या, २०१२ मध्ये १४,००० च्या आसपास.

यारेकाठी
रविवार, सायंकाळी ५:४०

मार्चमधल्या सहली! आमच्या ऑफिसातला एक गृहस्थ दर मार्चात 'बायकोला बेंडिगोला नेतो' म्हणायचा. आत्ता उलगडा झाला.

मुद्दा पटतोय, पण पूर्ण नाही. लिलावातून घेतली तरी वापरली घरानेच ना? आणि जीटीचं काय? १९६७ ला हॅरी फर्थ आणि फ्रेड गिब्सन यांनी बाथर्स्ट जिंकली, ७० आणि ७१ ला ॲलन मॉफॅटने. ती काही कंपनीची गाडी नव्हती.

नाना_गीलाँग
रविवार, सायंकाळी ६:१५

पहिल्या जीटीमागची कल्पनाच पोलिसांसाठी बनवलेल्या व्ही-एट फाल्कनवरून आली होती. म्हणजे तीही सरकारी खात्याचीच लेक म्हणा.

जीटीचाच शर्यतीसाठी काढलेला प्रकार म्हणजे १९७१ ची 'जीटी-एचओ फेज थ्री', तिच्या तीनशे गाड्या केल्या. तेव्हा ही दुकानातून घेऊन घरी नेता येणारी चार दारांची गाडी होती हे आज खरं वाटत नाही. १९७२ च्या जूनमध्ये सिडनीच्या वर्तमानपत्रात मथळा आला की ताशी १६० मैलांच्या गाड्या रस्त्यावर येणार. मंत्री खवळले, गदारोळ झाला आणि 'फेज फोर' जन्मायच्या आत गुंडाळली. उरलेल्या 'फेज थ्री' आता लाखो डॉलरला जातात, आणि ज्यांच्याकडे आहेत ते चालवत नाहीत, पुसतात.

दक्षिणध्रुव
रविवार, रात्री ८:३०

पत कशी ठिकाणागणिक बदलते बघा. हीच अमेरिकन फाल्कन अर्जेंटिनात १९६२ पासून १९९१ पर्यंत बनत होती. तिथेही टॅक्सी, तिथेही घरची गाडी, तिथेही रेस. पण ७० च्या दशकात लष्करी राजवटीत माणसं उचलून न्यायला येणारी गाडी म्हणजे हिरवी फाल्कन, बिननंबरची. मी कामानिमित्त ब्युनोस आयर्सला दोन वर्षं होतो. तिथल्या एका वयस्क सहकाऱ्याला मी हौसेने विचारलं, फाल्कन चालवलीय का? त्याने विषय बदलला. नंतर दुसऱ्याकडून कळलं का ते.

रात्रपाळी
रविवार, रात्री ११:५५

इथे सहसा लिहीत नाही. वाचून राहवलं नाही.

२००७ ते २०१० मी मेलबर्नला टॅक्सी चालवली. नांदेडहून शिकायला आलेलो. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता यायचं, त्यामुळे शुक्रवार-शनिवारच्या रात्री घ्यायच्या आणि त्यात मिळेल तेवढं मिळवायचं. दुपारी तीनला गाडी हातात, पहाटे तीनला परत. मीटरवर पडेल त्यातले निम्मे आपले. परत देताना गॅस भरून द्यायची.

माझ्या नशिबी आल्या त्या सगळ्या फाल्कन. 'एयू', 'बीए', 'बीएफ'. सगळ्या पिवळ्या, सगळ्या गॅसच्या. सिलिंडर मागच्या सीटच्या पाठी बसवलेला, अर्धी डिकी खायचा. विमानतळावर आपल्याकडचं कुटुंब भेटलं की चार बॅगा मावेनात. मग एक बॅग पुढच्या सीटवर आणि काका मागे मांडीवर पिशवी घेऊन. मराठी ऐकू आलं की मी मुद्दाम गप्प राहायचो. 'अरे तू शिकायला आलास ना' हे ऐकायचं नसायचं.

गाडी मात्र देवमाणूस. आमची शिफ्ट संपली की दिवसाचा माणूस बसायचा, इंजिन थंड व्हायला वेळच नाही. वर्षाला लाख-सव्वा लाख किलोमीटर सहज. तेल वेळेवर, बाकी कुणी विचारपूस करत नसे. मागच्या सीटवर माणसं ओकायची, रडायची, एकदा एका बाईला कळा सुरू झाल्या. सात लाख दाखवणारं मीटर मी स्वतः पाहिलंय आणि ते इंजिन सिग्नलला उभं असताना चालू आहे की बंद ते कळायचं नाही.

एप्रिल २००८ मध्ये आमच्यातल्या एका ड्रायव्हरवर चाकूहल्ला झाला. २९ तारखेच्या रात्री आम्ही फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोरच्या चौकात बसलो. बहुतेक पोरं पंजाबची, आम्ही मराठी चारपाच. थंडीत अंगातले शर्ट काढून बसले होते लोक. बावीस तास चौक बंद. शेवटी सरकारने काच बसवायचं आणि रात्री भाडं आधी घ्यायचं मान्य केलं. त्या चौकात चारी बाजूंना उभ्या होत्या त्या बहुतेक फाल्कनच. तुमच्या घरच्या गाडीचा माझ्या डोक्यातला फोटो तो आहे.

वाद घालायचा नाही. पण ही गाडी इतकी टिकते हे जगाला कळलं ते कुणाच्या कॅरव्हॅनमुळे नाही, आमच्या पाळ्यांमुळे.

जाता जाता: तुमची २००४ ची, कंपनीच्याच गॅसची, आणि २०११ मध्ये विकायला आलेली. किती किलोमीटर सांगितले होते?

शंकासुर
सोमवार, सकाळी ६:५०

रात्रपाळी, लिहीत जा. बाकी काही सुचत नाही.

यारेकाठी
सोमवार, सकाळी ७:२०

रात्रपाळी, दोनदा वाचलं. २०११ मध्येच मी विमानतळावरून घरी अशाच टॅक्सीत आलो होतो, चार बॅगा आणि मांडीवर पिशवी. ड्रायव्हर गप्प होता.

मीटरवर १,६८,००० होते. आत्ता ३,९०,००० आहेत. का विचारताय?

नाना_गीलाँग
सोमवार, सकाळी ८:०५

मी सांगतो का ते. कंपनीच्या गॅसची फाल्कन घरच्या माणसाने क्वचित घेतली. घेतली ती कंपन्यांनी आणि टॅक्सीवाल्यांनी. टॅक्सीला तेव्हा वयाची मर्यादा असायची, सहा-सात वर्षांनी ती बाद व्हायची. मग रंग मारून विकायला काढायचे. मीटरचा डबा भंगारातल्या गाडीचा बसवला की झालं, दहा मिनिटांचं काम.

दोन गोष्टी बघा. डिकीच्या कडेचं रबर थोडं ओढा, आतला पत्रा कुठल्या रंगाचा आहे ते दिसेल. आणि आतल्या छताचं अस्तर मधल्या दिव्यापाशी खाली घ्या. वरची टॅक्सीची पाटी बसवायला टपाला भोकं पाडावी लागतात. रंग मारता येतो, भोकं बुजवली तरी आतून लपत नाहीत.

पालखीवाला_ॲडलेड
सोमवार, सकाळी ८:३०

मी पॉपकॉर्न आणतो.

मधल्या वेळात: ७ ऑक्टोबर २०१६ ला ब्रॉडमेडोजला शेवटची फाल्कन निघाली. वर्षभराने, २० ऑक्टोबर २०१७ ला, आमच्या ॲडलेडजवळच्या एलिझाबेथ इथल्या कारखान्यातली शेवटची होल्डन. मी दरवाजाबाहेर उभा होतो, लोक आपापल्या जुन्या गाड्या घेऊन आले होते आणि त्यात एक फाल्कनवालाही होता. कुणी त्याला काही बोललं नाही. एरवी त्याची धडगत नव्हती.

नाना_गीलाँग
सोमवार, सकाळी ९:१०

गीलाँगचं इंजिनचं खातंही त्याच दिवशी बंद झालं. फोर्ड इथे १९२५ पासून. माझ्या गल्लीत तीन पिढ्या तिथे लागलेली घरं आहेत. २०१३ च्या मे महिन्यात जेव्हा जाहीर केलं तेव्हा साहेब म्हणाले की इथे गाडी बनवायला युरोपच्या दुप्पट आणि आशियाच्या जवळपास चौपट खर्च येतो. हिशेब खराच असेल. त्या आठवड्यात माझ्या गॅरेजात मात्र कुणी बिलावर घासाघीस केली नाही, एवढं आठवतं.

यारेकाठी
सोमवार, रात्री ९:४५

ऑफिसातून आलो, जेवायच्या आधीच टॉर्च घेऊन खाली गेलो. लेक बरोबर.

डिकीचं रबर ओढलं. पिवळा. चक्क शेवंतीसारखा पिवळा. मग छताचं अस्तर. चार भोकं, प्रत्येकात काळं रबरी बूच, वरून पांढरा रंग. तेरा वर्षं मी याच छताखाली बसून लोकांना 'एकाच कुटुंबाची गाडी' म्हणून सांगत होतो.

लेक म्हणाली, बाबा, म्हणजे आपली गाडी आधी कामाला जायची?

नाना, मग खरं रनिंग किती धरायचं?

नाना_गीलाँग
सोमवार, रात्री १०:०२

सात वर्षं टॅक्सी धरली तर आधीचे सात-आठ लाख, वर तुमचे सव्वादोन. दहाच्या आसपास. कूलर बदललाय ना?

यारेकाठी
सोमवार, रात्री १०:०६

बदललाय. विकायचं सध्या थांबवलंय. बायको म्हणते, विकायचीच असेल तर जाहिरातीत भोकांसकट खरं लिही.

रात्रपाळी
सोमवार, रात्री ११:३०

उजवीकडच्या मागच्या दाराच्या आतल्या पत्र्यावर, खाली, गाडीचा टॅक्सी क्रमांक कधीकधी मार्करने लिहिलेला असायचा. उद्या उजेडात बघाल का?